शाळेविना शिकलेले आचार्य : धर्मानंद कोसंबी

आचार्य धर्मानंद दामोदर कोसंबी हे नाव आपल्या वस्तीतल्या जुन्या उपासकांना नवीन नाही. त्यांचे ‘भगवान बुद्ध’ हे पुस्तक कित्येक घरांत फोटोशेजारच्या फळीवर असते. पण हा माणूस शिकला कसा, असे विचारले तर सांगणारे थोडे. पालीचे पंडित, अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात काम केलेले, म्हटल्यावर आपल्याला वाटते की घरची श्रीमंती असेल, मोठी शाळा असेल, मास्तर घरी येत असतील. तसे काहीही नव्हते. त्यांच्याजवळ मॅट्रिकचे सर्टिफिकेटसुद्धा नव्हते. विहाराच्या वर्धापन दिनी मुलांच्या शिक्षणाचा विषय निघतोच निघतो. कोणाचा मुलगा दहावीला बसलेला असतो, कोणाच्या मुलीचे कॉलेज पैशावाचून अडलेले असते. म्हणून या स्मरणिकेत त्यांच्या विद्यार्थिदशेबद्दल लिहावे असे वाटले.

त्यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातल्या सांखवाळ गावी, सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगिजांचे राज्य होते. सरकारी शिक्षण पोर्तुगीज भाषेत. मराठी शिकायचे तर गावातल्या लोकांनी चालवलेल्या खाजगी शाळेत. अशा शाळेत थोडेफार शिकून धर्मानंदांचे शिक्षण संपले. तब्येत नाजूक, घरची परिस्थिती बेताची. शाळा सुटली आणि नारळाच्या बागायतीची देखरेख अंगावर पडली. १८९१ साली, म्हणजे पंधराव्या वर्षाच्या आतबाहेर, लग्नही झाले. पत्नीचे नाव बाळाबाई.

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. त्यांच्या वाटेत गरिबी आडवी होती, आजारपण होते, गाव आडबाजूचे होते. जात आडवी नव्हती. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले आणि शिपाई हजर नसला तर तहानलेले राहावे लागले, तसला प्रसंग कोसंबींवर आला नाही. दोघांची बरोबरी करण्यासाठी हा लेख नाही. पण ज्ञानाची भूक म्हणतात ती दोघांना सारखीच लागली होती, आणि पुढे दोघांच्या वाटा एका ठिकाणी जवळ आल्या.

बागायत सांभाळताना त्यांना वाचनाचा नाद होता. मराठी मासिके-पुस्तके मिळतील तशी मिळवायची आणि वाचायची. १८९७ च्या सुमारास ‘बाळबोध’ नावाच्या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाचे छोटेसे चरित्र वाचले. लहान मुलांसाठी लिहिलेला साधा लेख होता तो. वीस-एकवीस वर्षांच्या त्या तरुणाच्या मनात तो असा रुतला की बुद्धाचा धर्म मुळातून शिकायचा याशिवाय त्याला दुसरे काही सुचेना. आता मुळातून शिकायचे म्हणजे कुठे जायचे, कोणाला विचारायचे, कोणत्या भाषेत वाचायचे, यातले काहीच माहीत नव्हते. ज्या भूमीत बुद्ध झाला त्या भूमीतच त्याच्या वचनांची भाषा शिकवणारा माणूस सापडत नव्हता.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. घरात तान्ही मुलगी होती, माणिक. बाळाबाई तेव्हा किती वर्षांच्या असतील याचा हिशेब वाचकांनीच करावा. नवरा विद्येसाठी निघून गेला, कुठे आहे, परत येणार की नाही, काही कळण्याचा मार्ग नाही. पुरुष घर सोडतो त्याचे चरित्र होते, मागे राहिलेल्या बाईचे होत नाही. आपण रमाईचे कष्ट जाणणारी माणसे आहोत, तेव्हा हे लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये असे मला वाटते.

पुण्यात ते डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना भेटले. भांडारकरांनी त्यांना मार्ग दाखवला. आधी संस्कृत पक्के करायचे म्हणून मजल-दरमजल करीत ते १९०० साली काशीला पोचले. काशीत गरीब विद्यार्थ्यांची एक ठरलेली रीत होती. अन्नछत्रात जेवायचे, कुठेतरी कोपऱ्यात राहायचे आणि शास्त्र्यांच्या घरी जाऊन व्याकरण घोकायचे. धर्मानंदांनी तेच केले. थंडीत पांघरूण पुरेसे नाही, पोट भरण्याची खात्री नाही, आणि शिकायचे काय तर ‘कौमुदी’, जी धष्टपुष्ट माणसालाही घाम फोडते. फी नव्हती, परीक्षा नव्हती, सर्टिफिकेट मिळणार नव्हते. तरी दीड-दोन वर्षे त्यांनी नेटाने काढली. ही मेहनत पुढे जन्मभर कामी आली, कारण संस्कृतचा पाया असल्यामुळे पाली त्यांना भराभर समजत गेली.

१९०२ साली ते नेपाळात गेले. तिथे बुद्धधर्म जिवंत असेल अशी आशा होती. जे पाहिले त्याने निराशा झाली. बोधगयेत कळले की पाली त्रिपिटक शिकायचे तर लंकेलाच गेले पाहिजे. मग कलकत्ता, मद्रास असे करत, भाड्याच्या पैशांसाठी लोकांच्या मदतीवर अवलंबून राहत ते कोलंबोला जाऊन थडकले. तिथे विद्योदय नावाचे मोठे विद्यापीठ होते. महास्थविर सुमंगलाचार्यांनी ते १८७३ मध्ये स्थापन केले होते. याच सुमंगलाचार्यांच्या हाताखाली धर्मानंदांनी श्रामणेर दीक्षा घेतली. त्यांना हवी असलेली शाळा अशी वयाच्या पंचविसाव्या वर्षी भेटली.

आता एक गंमत पाहा, जी आपल्या मुलांना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. आपण विहारात त्रिसरण-पंचशील म्हणतो ते पालीत, आणि हातातल्या पुस्तिकेत ते देवनागरीत छापलेले असते. पहिलीतल्या पोरालाही अक्षर लावून वाचता येते. पण पालीला स्वतःची अशी लिपी नाही. लंकेत ती सिंहली लिपीत लिहितात, ब्रह्मदेशात ब्रह्मी, सयामात सयामी, आणि विलायतेत छापलेले ग्रंथ रोमन अक्षरांत. त्या काळी मराठी माणसाला त्रिपिटक वाचायचे म्हटले तर आधी यातली एखादी परकी लिपी गिरवायला लागे. कोसंबींनी एक नव्हे, या सगळ्या लिप्या शिकून घेतल्या. तिशीकडे झुकलेला माणूस पुन्हा पुन्हा बाळबोध वर्गात बसल्यासारखा अ-आ-इ-ई गिरवतो आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. इंग्रजीही त्यांनी मोठेपणीच शिकून घेतली. आपल्याकडे चाळिशीतल्या बाईला रात्रशाळेत नाव घाल म्हटलं तर ती लाजते. कशाला लाजायचं?

लंकेतून ते ब्रह्मदेशात गेले. तिथे भिक्षू झाले, ध्यानाचा अभ्यास केला, ब्रह्मी लिपीतले ग्रंथ वाचले. परत आल्यावर कुशीनगर, लुंबिनी अशी बुद्धाच्या पावलांनी पुनीत झालेली ठिकाणे फिरले, पुष्कळदा पायीच. भिक्षापात्रात पडेल ते खायचे आणि मुक्काम मिळेल तिथे करायचा. १९०६ मध्ये त्यांनी चीवर उतरवले. शिकलेले शिकवायचे तर लोकांत राहावे लागेल, असा त्यामागचा विचार. कलकत्त्याला नॅशनल कॉलेजात पाली शिकवू लागले, मग कलकत्ता विद्यापीठातही. शाळा अर्धवट सोडलेला माणूस विद्यापीठात शिकवू लागला, तोही मातृभाषा न समजणाऱ्या मुलखात.

यानंतरचा प्रसंग मला त्यांच्या सबंध आयुष्यात मोठा वाटतो. कलकत्त्याला त्यांची किंमत कळली होती. तिथे राहा, महिना २५० रुपये देतो, असे विद्यापीठाचे म्हणणे होते. १९०८ सालचे २५० रुपये! तेवढ्यात एक कुटुंब नुसते जगले नसते, थाटात राहिले असते. त्याच सुमारास बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची त्यांच्याशी भेट झाली होती. महाराजांनी सांगितले की महाराष्ट्रात कुठेही राहा, वर्षाला एक पुस्तक लिहून द्या, महिना ५० रुपये मिळतील. एकीकडे २५०, दुसरीकडे ५०. कोसंबींनी ५० घेतले.

का घेतले? तर मराठी माणसाला बुद्ध मराठीत कळला पाहिजे, आणि ते काम कलकत्त्यात बसून होणार नाही, म्हणून. आपण शिकलो ते कोणाच्या तरी अन्नछत्रावर, कोणाच्या तरी भिक्षेवर, याची त्यांना जाणीव होती. घेतलेले फेडायचे होते. आज मुलगा शिकून मोठ्या पगारावर लागला की आपण पेढे वाटतो. वाटावेतच, पिढ्यान्पिढ्या उपाशी राहिलेल्यांनी पगाराला नाक मुरडू नये. पण शिकलेल्याने वस्तीकडे परत पाहायचे की नाही, हा प्रश्न बाबासाहेबांनी आपल्याला वारंवार विचारला आहे, आणि कोसंबींनी तो आपल्यापुरता पन्नास रुपयांत सोडवला होता. ओघात हेही सांगायचे की याच सयाजीरावांनी पुढे केळुसकर गुरुजींच्या खटपटीने भीमरावांना कॉलेजसाठी महिना २५ रुपये दिले आणि १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात पाठवले.

बडोद्याला दिलेल्या व्याख्यानांतून ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे पुस्तक झाले. मग अमेरिकेचे बोलावणे आले. हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वुड्स हिंदुस्थानात आले होते. ते कोसंबींकडे पाली शिकले आणि त्यांच्याच शब्दावरून १९१० मध्ये कोसंबी हार्वर्डला गेले.

काम होते ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाचे. आचार्य बुद्धघोषांनी पाचव्या शतकात लंकेत लिहिलेला हा ग्रंथ म्हणजे शील, समाधी आणि प्रज्ञा यांचा मोठा कोशच. वॉरन नावाच्या अमेरिकन पंडिताने त्याची शुद्ध प्रत तयार करायला घेतली होती, पण १८९९ मध्ये ते वारले आणि काम तसेच पडले. ते पुरे करायचे होते. हे काम कसे चालते ते थोडे समजून घेऊ. ताडपत्रावरून ताडपत्रावर नकला होत आलेला ग्रंथ. नकलणाऱ्याच्या हातून कुठे अक्षर गळते, कुठे ओळ. सिंहली लिपीतल्या प्रती पुढ्यात ठेवायच्या, ब्रह्मी लिपीतल्या ठेवायच्या, आणि शब्दाला शब्द लावून पाहायचा. जिथे फरक पडतो तिथे कोणता पाठ खरा हे ठरवायचे आणि दुसरा तळटीपेत नोंदवायचा. बुद्धघोषांनी त्रिपिटकातली वचने जागोजागी घेतली आहेत, ती कुठली हे शोधायचे. घाई केली की चूक झाली. एका पानाला किती वेळ लागावा याला धरबंध नाही. संगणक तर सोडाच, पालीचा धड कोशही तेव्हा पुरता झालेला नव्हता. डोळे, स्मरण आणि चिकाटी एवढीच हत्यारे.

त्या ग्रंथमालेचे संपादक प्रा. लॅनमन होते. श्रेय कोणाला किती, यावरून त्यांचे नि कोसंबींचे जमेना. वादाला कंटाळून कोसंबी १९१२ मध्ये परत आले. पुढे १९१८ मध्ये वुड्सच्या बोलावण्यावरून पुन्हा गेले, १९२६ मध्ये पुन्हा, १९३१ मध्ये पुन्हा. एका ग्रंथासाठी चार वेळा समुद्र ओलांडला. माझे मत विचाराल तर वादात कोसंबींचा मानीपणा थोडा जास्तच होता, पण आपल्या मेहनतीवर दुसऱ्याचे नाव लागू द्यायचे नाही यात गैर काय? गरिबाजवळ विद्या असली की लोकांना ती फुकट वाटते.

अमेरिकेतून आल्यावर १९१२ ते १९१८ ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवीत होते. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पाली यावी म्हणून भांडारकरांच्या साथीने त्यांनी खटपट केली. त्यांच्या हाताखाली पु. वि. बापट, ना. के. भागवत यांच्यासारखे पालीचे प्राध्यापक तयार झाले. ज्यांच्या चिमणरावाला सगळा महाराष्ट्र हसला ते चिं. वि. जोशीसुद्धा पालीचे प्राध्यापक आणि कोसंबींचेच विद्यार्थी, हे पुष्कळांना माहीत नसते. विद्यार्थ्यांना हाताशी पुस्तक हवे म्हणून त्यांनी देवनागरीत पाली पाठांची पुस्तके केली, सामान्य माणसासाठी ‘बुद्धलीलासारसंग्रह’ लिहिले, भिक्षुसंघाची माहिती मराठीत आणली. पुढे कितीतरी वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, केंद्र सरकारने मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना एकाच दिवशी अभिजात भाषेचा दर्जा दिला. वर्तमानपत्रांत मराठीचा आनंद मोठ्या अक्षरांत होता. पालीचा उल्लेख खाली, बारीक.

आता बाळाबाईंकडे आणि मुलांकडे येऊ. कोसंबी परतल्यावर संसार पुन्हा सुरू झाला. १९०७ साली मुलगा झाला, दामोदर. हेच पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून जगभर नावाजलेले डी. डी. कोसंबी. १९१८ मध्ये अमेरिकेला जाताना धर्मानंदांनी माणिक आणि दामोदर या दोघांनाही शिक्षणासाठी बरोबर नेले. जिला तान्ही टाकून निघाले होते ती माणिक हार्वर्डच्या जोडीच्या रॅडक्लिफ कॉलेजात शिकून पदवीधर झाली. त्या काळात मुलीला सातासमुद्रापार शिकायला नेणारे बाप बोटांवर मोजण्याएवढे. बाळाबाई मात्र धाकट्या मुलींना घेऊन इकडेच राहिल्या. मुलीचे शिक्षण झाले म्हणून आईची ती वर्षे भरून आली, असे काही मी म्हणणार नाही.

त्यांची नोकरी कुठे फार काळ टिकली नाही. अहमदाबादला गुजरात विद्यापीठात १९२२ ते १९२५, १९२९ मध्ये रशियात लेनिनग्राडच्या बौद्ध विद्येच्या संस्थेत, मग परत आले तर १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात उडी आणि तुरुंग. अमेरिकेत असताना समाजवादाची पुस्तके वाचली होती, त्यामुळे बुद्धाचे समाजाविषयीचे विचार आणि कामकरी माणसाचे दुःख यांची सांगड ते घालू लागले होते.

१९३७ साली त्यांनी मुंबईत परळला ‘बहुजन विहार’ सुरू केला. हा भाग आपल्याला जवळचा. परळ म्हणजे गिरण्यांचा भाग. सकाळी भोंगा झाला की चाळी रिकाम्या व्हायच्या. याच परळच्या चाळीत काही वर्षांपूर्वी सुभेदार रामजी आपल्या मुलाला पहाटे दोनला अभ्यासाला उठवत होते, कारण दिवसा त्या एका खोलीत बसायला जागा नसे. बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली ती १९३५ मध्ये, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी कामगार वस्तीत हा विहार उभा राहिला. इमारतीला पैसा जुगलकिशोर बिर्लांचा होता, ही गोष्ट काहींना खटकेल. पण कोसंबींनी विहारासाठी जागा निवडली ती श्रीमंतांच्या मलबार हिलवर नव्हे, गिरणगावात, आणि नाव ठेवले बहुजनांचे. सुमारे दोन वर्षे ते तिथे राहून शिकवीत होते. जन्मभर विद्येमागे हिंडलेला माणूस म्हातारपणी कामगारांच्या दारात येऊन बसला होता.

‘विसुद्धिमग्ग’ हार्वर्डहून निघेना, तेव्हा १९४० मध्ये भारतीय विद्या भवनातर्फे त्यांनी तो देवनागरीत प्रसिद्ध केला. त्याच सुमारास ‘भगवान बुद्ध’ मराठीत आले. शरीर मात्र थकले होते. आपले काम झाले, आता दुसऱ्यावर भार नको, या विचाराने त्यांनी १९४६ मध्ये अन्न सोडायचे ठरवले. गांधीजींनी समजूत घातल्यावर ते थांबले. पण पुढच्या वर्षी सेवाग्रामला पुन्हा उपवास धरला आणि ४ जून १९४७ रोजी देह ठेवला. आपल्या अंत्यविधीवर खर्च करू नये असे त्यांनी सांगून ठेवले होते. त्यांचे स्मारक म्हणून पाली शिकायला विद्यार्थी लंकेला पाठवावेत, अशी योजना गांधीजींनी मनात धरली होती. त्या मरणाबद्दल मतभेद होऊ शकतात. मला स्वतःला ते पटत नाही, बुद्धाने मध्यम मार्ग सांगितला आहे.

हार्वर्डचा ‘विसुद्धिमग्ग’ अखेर १९५० मध्ये छापून निघाला. त्यावर वॉरन आणि कोसंबी अशी दोघांची नावे आहेत. १९५६ मध्ये बुद्धाच्या २५०० व्या वर्षानिमित्त भारत सरकारने जो मोठा ग्रंथ काढला त्याचे संपादक होते त्यांचे विद्यार्थी बापट. आणि त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात लाखो लोकांनी त्रिसरण घेतले ते पालीत.

सिद्धार्थाने घर का सोडले याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे : म्हातारा पाहिला, आजारी पाहिला, प्रेत पाहिले. कोसंबींना हे पटत नव्हते. एकोणतीस वर्षांच्या माणसाने म्हातारा पाहिलाच नव्हता, हे कसे शक्य आहे? जुन्या पाली सुत्तांच्या आधारे त्यांनी ‘भगवान बुद्ध’मध्ये आणि त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ‘बोधिसत्त्व’ या नाटकात शाक्य आणि कोलिय यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याचे कारण पुढे मांडले. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली निघालेल्या ग्रंथातही गृहत्यागाचे कारण म्हणून रोहिणीच्या पाण्याचा तंटाच येतो. ही दोन प्रकरणे शेजारी शेजारी ठेवून घरी मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावीत. एका संध्याकाळी होतात.